मेरी नावाची बाई

कोशकाराला प्रत्येक शब्द ठाऊक असतो, अशी सर्वांची खात्री असते. अपवाद फक्त कोशकाराचा. या कोशकारांनी शब्दकोश कार्यालयात तीस वर्षं काढली. दर हजार शब्दांमागे नऊशे ब्याण्णव शब्दांचा उगम त्यांनी शोधला. उरलेल्या आठांचा त्यांना सुचला.

'मेरी-गो-राउंड' हा सुचलेल्यांपैकी. छापखान्याचा माणूस दारात उभा, डबा उघडलेला, भूक लागलेली. त्यांनी लिहून टाकलं : 'जत्रेतले गोल फिरणारे लाकडी घोडे. मेरी नावाच्या बाईने हा खेळ काढला, त्यावरून.'

तपासनीस तिघे. पहिल्याने दुसरा बघेल म्हणून सही केली, दुसऱ्याने पहिल्याने बघितलंय म्हणून. तिसरे रजेवर होते. (सही त्यांचीही आहे.) दुसऱ्या आवृत्तीत मेरीबाई विधवा झाल्या. चौथीनंतर त्यांच्यावर प्रबंध आला.

कोशकार निवृत्त झाले. एके दिवशी सहावीतली नात उत्तरपत्रिका घेऊन आली.

"आजोबा, मी लिहिलं, मेरी-गो-राउंडमधलं मेरी म्हणजे इंग्रजीत आनंदी. बाईंनी शून्य दिलं. तुमच्या कोशात वेगळंच आहे म्हणे."

"आनंदी? हे तुला कुणी सांगितलं?"

"साधा शब्द आहे, आजोबा. सगळ्यांना येतो."

आजोबांना चहाचा ठसका लागला. गप्प बसलं तर अब्रू शाबूत होती. पण नातीचा चेहरा पाहवेना. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून ते शाळेत गेले.

"बाई, मेरी नावाची कुणी नव्हतीच. नातीचं बरोबर आहे."

वर्गाच्या बाईंनी कोश उघडून पुढे धरला. "नातीसाठी इतकं खोटं बोलू नये हो. इथे स्पष्ट लिहिलंय."

"ते मीच लिहिलंय!"

"मग तर तुम्हाला माहीत असायला हवं."

नात व्हरांड्यात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे तुम्ही थाप मारली होती?"

"हो गं."

तिने पेन काढलं आणि आजोबांच्या तळहातावर मोठं शून्य काढलं. तीस वर्षांच्या नोकरीतली ही पहिली खरी तपासणी. रात्री जेवतानाही त्यांनी तो हात धुतला नाही, चमच्याने जेवले.

कार्यालयाला त्यांनी दुरुस्तीचं पत्र धाडलं. उत्तर आलं : 'मेरीबाईंच्या अस्तित्वाविषयी मतभेद असल्याची नोंद पुढील आवृत्तीत घेण्यात येईल.'

तुम्ही हसलात, हे ठीकच. पण मेरी म्हणजे आनंदी, हे तरी तुम्ही कुठे तपासलंत? एक सहावीतली मुलगी म्हणाली, ते इथे छापून आलं, आणि तुम्ही मान डोलावलीत. तिसऱ्या तपासनिसाची जागा अजून रिकामी आहे.