गरम विश्व आणि बंद दार

जुसाराच्या आईने, दोना लिंदाल्वांनी, दाराला कान लावला, नीट ऐकू येईना म्हणून हँडल धरून जरा जोर दिला, आणि हँडल हातात आलं.

आत जुसाराच्या पीएच.डी.चा निकाल ठरत होता. वाकड्या, बंदिस्त विश्वातल्या रिकाम्या जागेत ऊर्जा किती असते आणि ते विश्व तापलं की तिचं काय होतं, याचा तिने पाच वर्षं पिच्छा पुरवला होता. उत्तर निघालं ते असं, की बिचारं विश्व स्वतःतच कोसळतं. आज तिने ते सगळ्यांसमोर मांडलं होतं. मग रिवाजाप्रमाणे आईमावशीसकट सगळ्यांना बाहेर काढून तिन्ही परीक्षक निर्णयाला बसले. सोबतीला आईचा मक्याचा केक होता. पदवी हुकली, तर मामाच्या टायरच्या दुकानात काउंटरवर बसायचं हे घरात ठरलेलंच होतं.

"आई, काय केलंस हे! दे ते, लावून टाकू."

"अजिबात नाही!" आईने हँडल पर्समध्ये कोंबलं. "उमेदवाराच्या आईने दार मोडलं असं कळलं, तर तुला पास करतील होय?"

थोड्या वेळाने आतून धडाधड आवाज यायला लागले. दार जाडजूड, शब्द एक कळेना.

"टेबल बडवतायत," सोकोरो मावशी म्हणाली. "हिच्यावरून जुंपलीय त्यांची." आणि तिने सरळ रडायला सुरुवात केली. मावशीचं पाहून जुसाराचाही बांध फुटला.

तेवढ्यात शिपाई आला. "रडताय काय? दार बडवतायत ते, अडकलेत आत! एसी मे महिन्यापासून बंद आहे. कुलूपवाला सांव जुआंवच्या सणाला गावी गेलाय. हँडल कुठाय?"

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. तिने शरमेने पर्स उघडली.

दार उघडलं. पोर्तु अलेग्रीहून आलेले कडक वेंडेलिन सर घामाने निथळत बाहेर आले. टाय खिशात, मिशीला केक.

"दोन मिनिटांत पास केलं होतं तुला," ते म्हणाले. "मग दार उघडेना. केक संपला. करायला काही नाही, म्हणून शेवटी तुझ्या प्रबंधाचं परिशिष्ट वाचलं."

"शेवटी म्हणजे, सर?"

"परिशिष्ट आधी कोण वाचतं? एक उणे चिन्ह राहिलंय त्यात. तिघांनी तपासलं."

 पाच वर्षं पाण्यात गेली असंच जुसाराला वाटलं.

"ते घातलं, की तुझं विश्व कोसळत नाही. उष्णताच त्याला तोलून धरते. काय सुंदर निघतंय ते, पोरी! पदवी तुझीच. शेवटचं प्रकरण मात्र माझ्याकडे येऊन नव्याने लिहायचं. दोन वर्षांची संशोधनाची जागा आहे, येशील?"

 जुसाराने जोरजोरात मान डोलावली.

"थांबा," आई मध्ये पडली. "म्हणजे जग बुडत नाही?"

"नाही, बाई."

आईने लेकीला घट्ट मिठी मारली आणि पाठीत एक धपाटा घातला.

"आणि पाच वर्षं आम्हाला उगाच घाबरवून ठेवलंस!"