रूनारचा खडक

"मोजणीवाली बाई मंगळवारी येतेय," कॉफी ओतता ओतता गुन्नेवीने पत्र नवऱ्यापुढे सरकवलं. रूनारने ते तीनदा वाचलं. त्याच्या धक्क्यासमोर समुद्रातून एका खडकाने डोकं वर काढलं होतं, आणि आता ते फिनलंडच्या सरकारी नकाशावर चढणार होतं.

या किनाऱ्याची जमीन वर्षाला करंगळीच्या नखाएवढी वर येते. रूनारच्या आजोबांनी पाण्याकाठी बांधलेली होडीची शेड आज बटाट्याच्या वावरात उभी आहे. वर आलेली जमीन साऱ्या गावाची, असा कायदा. रूनारला मालकी नकोच होती. सत्तरी उलटलेली, मूलबाळ नाही. नकाशावर 'रूनारचं बेट' एवढं राहावं, बस्स.

"नाव तू ठेवायचं नसतं," गुन्नेवी म्हणाली. "लोकांच्या तोंडी असेल तेच लिहितात. आणि लोकांच्या तोंडी काय आहे, ते तुला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. छत्तीस वर्षांपूर्वी हा खडक पाण्याखाली वीतभर होता. नवा धक्का दाखवायला नेलेल्या पंचायतीच्या सातही सभासदांना रूनारने होडीसकट त्याच्यावर चढवलं होतं. बिचारे दोन तास पोटरीभर पाण्यात उभे होते.

रूनारने दोन दिवस मासे धुरावले आणि ते घेऊन गावातली अकराच्या अकरा घरं पालथी घातली.

"मासा झकास आहे," शेजारचा हेल्मर म्हणाला. "म्हणजे मी आता खोटं बोलायचं?"

"खोटं कसलं? ते बेट आहे आणि मी रूनार आहे."

"हे मात्र खरं," म्हणत हेल्मरने दुसरा मासाही ठेवून घेतला.

मंगळवारी मोजणीवाली मिर्वा घरोघर फिरली आणि शेवटी गुन्नेवीच्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

"नवलच आहे हो! एरवी दोन घरांत तीन नावं ऐकायला मिळतात. इथं अकरा घरांत एकच नाव. आणि अकराही घरांत धुरावलेला मासा."

रूनारने कॉफीच्या कपात तोंड घातलं. मिर्वाने पिशवीतून एक जुना कागद काढला.

"हे पंचायतीच्या दप्तरात सापडलं. छत्तीस वर्षांपूर्वीच्या सभेचं इतिवृत्त."

"कसली सभा?"

"सातही सभासद हजर असल्यामुळे अध्यक्षांनी वेळ न दवडता तिथंच सभा सुरू केली. शाळेचं नवं छप्पर मंजूर. सभेचं ठिकाण : रूनारची घोडचूक."

गुन्नेवी खिडकीकडे वळली. तिचे खांदे हलत होते.

"मी होडीतलं पाणी उपसत होतो," रूनार पुटपुटला. "मला वाटलं, ते मला शिव्या देताहेत."

"त्या इतिवृत्तात नाहीत."

"अहो, तुम्ही एकदा तो खडक बघा तरी! घोडचूक वाटतच नाही."

तो तिला होडीतून घेऊन निघाला. तिच्या चेहऱ्यावर काही उमटतंय का, हे बघण्यात त्याचे दोन्ही डोळे गुंतलेले. तेवढ्यात खर्रर्र आवाज झाला आणि होडी जागच्या जागी थांबली.

"हाच का तो?" मिर्वाने विचारलं.

"नाही. तो तिकडे." रूनारने शंभर हात पुढे बोट दाखवलं.

मिर्वाने वाकून पाण्यात पाहिलं, मग नकाशात पाहिलं. नकाशात तिथं काहीच नव्हतं. तिचे डोळे चमकले, तिने वही उघडली. "मग याला काय म्हणतात?"

"याला अजून कुणी पाहिलेलंच नाही हो!"

पण काठावर अकराही घरं बाहेर येऊन उभी होती. हेल्मरने तोंडाभोवती हात धरले.

"ए रूनाऽर! दुसरी घोडचूक का रे?"

मिर्वाची पेन्सिल वहीवर चालू लागली.

संध्याकाळी रूनार चुलीपाशी ओले मोजे वाळवत बसला होता. गुन्नेवीने उरलेला शेवटचा मासा त्याच्या ताटात वाढला.

"एक नाव मागितलंस, दोन मिळाली. आता होडी जरा जपून हाक बाबा. नकाशात इतरांनाही जागा राहू दे."