टेकायच्या आत तुकडा

शौकतचा फवारणीचा ड्रोन साळुबाईंच्या टोमॅटोवर औषध मारून बिनबोभाट माघारी आला, आणि घोटाळा झाला तो तिथून पुढं. जुन्नरला वीस वर्षं फवारणीपंप दुरुस्त करणारा शौकत हे यंत्र मुद्दाम शिकून आला होता. महाळुंगे पडवळला आज पहिलंच काम. साळुबाईंना पसंत पडलं, तर त्यांचं अठरा एकर रान हंगामभर त्याच्याकडं. नाही पडलं, तर बसा पुन्हा पंपाचे वायसर बदलत.

ड्रोन डोक्याइतका खाली आला, तशा साळुबाई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्याखाली शिरल्या. ड्रोन थबकला आणि परत वर गेला.

"आज्जी, जरा मागं सरा," शौकत म्हणाला. "खाली माणूस दिसलं की ते उतरतच नाय. कुणाला लागू नये म्हणून तशी सोय हाय त्यात."

"सरते की. पर पयल्यांदा कामावरून आलंय. उंबऱ्याच्या आत घ्यायच्या आधी तुकडा ओवाळून टाकत्यात. ह्याला उंबरा न्हाई, मंग टेकायच्या आतच टाकाय पायजे."

"लांबनं ओवाळ की आये," त्यांचा मुलगा सोपान म्हणाला.

"लांबनं हात हलवाया मी पुढारी हाय व्हय?"

ड्रोन खाली आला की साळुबाई पुढं, साळुबाई पुढं आल्या की ड्रोन वर. असं चारदा झालं. दोघांचेही नियम पक्के, आणि मधल्यामधी बॅटरी संपत चाललेली. म्हातारीला दटावावं तर काम जातंय, न दटावावं तर यंत्र.

बॅटरी दहा टक्क्यांवर आली. अशा वेळी ड्रोन कुणाचं ऐकत नाही, मोकळी जागा बघून आपणच उतरतो. तो बांध ओलांडून शेजारच्या रिकाम्या रानात जाऊन अलगद टेकला. ते रान धोंडाबाईंचं. त्यांच्यात आणि साळुबाईंच्यात त्या बांधावरूनच चार वर्षं बोलणं बंद होतं.

शौकत पळत पोचला, तोवर बांधाकडेला न्याहारीला बसलेल्या धोंडाबाईंनी ड्रोनवरून पाणी उतरून तुकडासुद्धा टाकला होता. तो मान खाली घालून ड्रोन घेऊन परतला. काम गेलंच, असं त्यानं धरलं होतं.

"काय म्हणली ती?" साळुबाईंनी विचारलं.

"म्हणल्या, उद्या आमच्यात या फवारायला."

साळुबाईंनी हातातला तांब्या खाली आदळला.

"उद्या तुमी आमच्यात यायचं. अठराच्या अठरा एकर. परवा बी आमच्यातच."

"येतो की. पर आज्जी, ते ओवाळायचं..."

"तिनं कवा ओवाळलं?"

"टेकल्यावर."

"मंग आमी बी टेकल्यावर ओवाळू," साळुबाई म्हणाल्या. "पर दोनदा."