बुधरामचा पहिला पाहुणा

बुधराम खानसामा पेज उभ्यानं खायचा. घरात पाट, अंगणात बाज, तरी माणूस चुलीपाशी उभा. ढवळायचाही घड्याळाचे काटे फिरतात त्याच बाजूनं. कोणी चमचा उलटा फिरवला की ओरडायचा, "काऊन जी, घरात सैतान बोलावून राहिले का?"

हे सारं त्यानं रेल्वेच्या एका साहेबाकडून उचललं होतं. बावीस वर्षं त्यानं साहेबांचा स्वयंपाक केला. सत्तेचाळीस साली साहेब मायदेशी गेले, त्यांच्या गावाकडचं शहाणपण गोंदियात राहिलं. कोणी त्यांना इंग्रज म्हटलं की बुधराम दुरुस्त करी, "इंग्रज नाई जी, स्काट. स्काटलंडचे." एकदा त्यानं मला साहेबांची सुरी दिली आणि लगेच एक पैसा मागितला. सुरी फुकट दिली तर दोस्ती कापली जाते म्हणे. मी घासाघीस करून त्याला अधेल्यावर, अर्ध्या पैशावर आणलं.

माझी स्टेशनमागे कोळशाची वखार. हमाली करून उभी केलेली. रंगानं मी मालाला शोभेल असा. दोन मुलीवाल्यांनी त्यावरून तोंडावर नकार दिला होता. रंगाचा विषय निघाला की माझं डोकं फिरतं, ते तेव्हापासून.

साहेब गेल्यानंतरच्या पहिल्या एक जानेवारीला बुधरामनं माझ्याकडे कोळसा मागितला. एक खडा! तोही मीच सकाळी घरी आणायचा. हे काय प्रकरण आहे ते बघावं म्हणून गेलो. दारात पार्सल ऑफिसचा गोरापान बाबू आधीच उभा होता. त्याला बाजूला सारून बुधराम म्हणाला, "तुमी थांबा जी. साहेबाची रीत हाय. नव्या सालात घरात पयला पाय काळ्या मानसाचा पायजे. शेटजीएवढा काळा गावात नाई."

बाबू हसला. शेजारीपाजारी हसले. मी खडा चुलीत टाकला आणि त्यानं पुढे केलेल्या पेजेला हात न लावता निघालो. पुढची दोन वर्षंही गेलो, कारण तो वर्षभराचा कोळसा माझ्याकडून घ्यायचा. पण चौथ्या वर्षी बाजारात एका व्यापाऱ्यानं डिवचलं, "क्यों शेठ, सुना है अब आपका रंग भी बिकता है?" त्या एक जानेवारीला मी वखारीतून हललो नाही.

दुपारी हमाल सांगत आला, बुधराम पहाटेपासून दार लावून स्वतःच्याच घराबाहेर उभा आहे. मी भांडायला निघालो. जाताना एक खडा का उचलला, ते मला अजून सांगता येत नाही.

"तुम्ही तरी कुठं गोरे आहात?" मी ओरडलो. "जा की स्वतःच आत!"

"माह्याच घरी मी पाहुना कसा होऊ जी?"

मग खाली बघत म्हणाला, "साहेबाकडं बावीस सालं पयला पाय माहाच. रोज मागल्या दारानं शिरत होतो. तो एक दिवस समोरून. साहेब सोता दार उघडत. हात मिळवत. म्हनत, या बुधराम."

मी पुढे झालो. दार ढकललं, उजवा पाय आत टाकला, खडा चुलीत ठेवला. वळून पाहिलं तर तो उंबऱ्याबाहेरच, हात बांधून, हुकमाची वाट बघत असल्यासारखा.

"या बुधरामजी," मी म्हणालो. "समोरून या."

हात पुढे केला. तो कोळशानं माखला होता. त्यानं दोन्ही हातांनी धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"पेज थंडी झाली जी," शेवटी म्हणाला.

आम्ही दोघांनी ती उभ्यानंच खाल्ली.