अर्ध्या मिलिमीटरची शिकार

"या जगात माणसं दोनच प्रकारची," काकासाहेबांनी सकाळच्या चहाला जाहीर केलं. "एक एक्केचाळीस मॅग्नमवाली आणि दुसरी चव्वेचाळीस मॅग्नमवाली. बाकीच्यांना माणूस म्हणायचं ते केवळ जनगणनेपुरतं."

"तिसरी दळण आणणारी," त्यांच्या पत्नी भागूबाई म्हणाल्या. "डबा दारात ठेवलाय. आन माझा बत्ता कुठंय?"

पहिल्या दोन प्रकारांपैकी एकात आपण नक्की मोडतो, एवढ्या अभिमानावर काकासाहेब तिसऱ्या प्रकारचा डबा उचलून गिरणीकडे निघाले. नेमक्या कुठल्या एकात, हे मात्र चार महिने झाले तरी ठरत नव्हतं.

प्रश्न साधा नव्हता. मॅग्नम म्हणजे जादा दारूचं, जादा दणक्याचं काडतूस. रिव्हॉल्वरच्या मॅग्नममधली ही दोन तर सख्खी भावंडं, आईलासुद्धा ओळखायला चष्मा लागावा अशी. चव्वेचाळीसचा दणका मोठा; एक्केचाळीसची गोळी म्हणे सरळ जाते आणि मनगटाला दया दाखवते. शिवाय खरा शिकारी रिकामी काडतुसं फेकत नाही, घरी पुन्हा भरतो, तेव्हा भरायला कुठलं बरं, हाही मुद्दा होताच. हे सगळं ज्ञान काकासाहेबांनी सिडकोतल्या आपल्या घरी बसून, मोबाइलवर, अमेरिकेतल्या दाढीवाल्या शिकाऱ्यांकडून मिळवलं होतं. स्वतः त्यांनी आयुष्यात एकदाच नेम धरला होता, तोही जत्रेत फुग्यांवर. दुसऱ्या छऱ्यानंतर फुगेवाल्यानं हात जोडून पैसे परत केले होते.

पण घराण्याचा प्रश्न होता. शहराबाहेर, करमाडजवळ, त्यांच्या शेताच्या वळणावर पत्र्याची पाटी होती: 'शिकारी वस्ती'. आजोबांनी निजामाच्या काळात बिबट्या मारला, त्याची ती आठवण. आजोबांनी बिबट्या मारणाऱ्या जहागीरदाराचा जेवणाचा डबा धरला होता, असं सांगणारे म्हातारे आता हयात नव्हते, आणि काकासाहेबांना त्याचं फारसं दुःखही नव्हतं. यंदा त्याच शेतातल्या मक्यात रानडुकरं शिरली होती. पारावर बसून काकासाहेब सगळ्या गावाला म्हणाले होते, "मॅग्नम आणतोय." गावानं ते संध्याकाळपर्यंत "आणली" असं करून घेतलं होतं.

शेत बघणारा चुलतभाऊ साहेबराव रोज फोन करी.

"दादा, दोन गुंठं लोळून गेली की वं डुकरं! लोक पाटी वाचून हसतेत. सोमवारपस्तोर काय झालं नाय, तर मी सोता चुना घिऊन पाटी पुसणार. सांगून ठिवतो."

"साहेबराव, शिकार म्हणजे घाई नव्हे. कॅलिबर ठरू दे."

"म्हंजे अजून आणलीच नाय?"

"अर्ज तयार आहे," काकासाहेब भारदस्तपणे म्हणाले.

आणि ते खरं होतं. परवान्याच्या अर्जावर फोटो होता, सही होती, 'पीक संरक्षण' हे कारण होतं. फक्त 'शस्त्राचा प्रकार व बोअर', म्हणजे नळीचं माप, हा एक रकाना राहिला होता. त्यात काकासाहेब पेन्सिलीनं एक्केचाळीस लिहीत, खोडत, चव्वेचाळीस लिहीत, पुन्हा खोडत. आता तिथं रकाना नव्हता, भोक होतं.

त्यांचा शाळेपासूनचा दोस्त अफजल कट्टर चव्वेचाळीसवाला. चितेगावला त्याचा लेथचा छोटा कारखाना होता. मित्राचा निर्णय व्हावा म्हणून त्यानं दोन्ही गोळ्यांचे पितळी नमुने कातून आणले, टेबलावर शेजारी शेजारी उभे केले आणि खिशातून जाडी मोजायचा व्हर्निअर काढला. व्हर्निअरशिवाय अफजल सासुरवाडीलाही जात नसे.

"देख काकासाब. ही गोळी दहा पॉइंट चार मिलिमीटर. ही दहा पॉइंट नऊ. अर्ध्या मिलिमीटरसाठी चार महिने? इतक्यात मी लेक नांदायला पाठवली."

"अर्ध्या मिलिमीटरवर लढाया फिरल्यात, अफजल."

"कुठल्या?"

"ते नंतर सांगतो."

"मग चव्वेचाळीस घे ना यार. डुक्कर लई जाड रहतंय."

"आणि मनगट?"

मनगटासाठीच तर बत्ता गच्चीवर गेला होता. दाढीवाल्यांच्या म्हणण्यानुसार अशा रिव्हॉल्वरचं वजन दीड किलोच्या आसपास. भागूबाईंचा लोखंडी बत्ताही तेवढाच. रोज सकाळी सहाला काकासाहेब पाय फाकवून, दोन्ही हातांत बत्ता धरून शेजाऱ्यांच्या सोलर हीटरवर नेम धरत आणि तोंडानं "ठो!" म्हणत. शेजाऱ्यांनी हीटरवर चादर टाकली. काडतुसं भरण्याचा सरावही सुरू होता, पण खऱ्या दारूला परवाना लागतो आणि काकासाहेब कायद्याचे पक्के. म्हणून अफजलनंच कातलेल्या पितळी नळकांड्यांत सोनाराच्या काट्यावर मोजून खसखस भरली जाई. तिसऱ्या दिवशी दारूगोळ्याला मुंग्या लागल्या.

"अनारशाची खसखस काडतुसात!" भागूबाई कडाडल्या. "आन कूट काय लाटण्यानं कुटू?"

"भागू, मनगट तयार होतंय."

"मंग त्याच मनगटानं कूट करून द्या."

रविवारी काकासाहेबांनी जाहीर केलं की निर्णय आता प्रत्यक्ष जागेवरच होईल. दुपारी अफजलच्या गाडीतून दोघं करमाडला पोचले. सरावात खंड नको म्हणून बत्ता कमरेला पंच्यात खोचलेला, वर सदरा. साहेबरावाच्या नजरेनं तो फुगवटा बरोबर टिपला.

"आणली व्हय, दादा!"

काकासाहेब नुसते पाटीकडे बघत राहिले. या मौनाचा गावावर असा परिणाम झाला की पाच मिनिटांत बांधावर डझनभर माणसं जमली.

"वाऱ्याची दिशा, अंतर, सगळं बघावं लागतं," काकासाहेब मक्याकडे चालता चालता सांगू लागले. "पन्नास पावलांच्या आत असेल तर एक्केचाळीस..."

मका हलला. पाच पावलांवर, पाण्याच्या मोटारीच्या पत्र्याच्या खोपटाशेजारून एक काळंकभिन्न धूड बाहेर आलं. त्यामागं आणखी चार.

त्या क्षणी चार महिन्यांची तालीम कामाला आली. पाय आपोआप फाकले, हात कमरेला गेले, बत्ता दोन्ही मुठींत समोर आला आणि काकासाहेब जिवाच्या आकांतानं ओरडले, "ठो!" फक्त गच्चीवर मुठींना घाम नव्हता. बत्ता सुटला, डुकरांच्या डोक्यावरून गेला आणि खोपटाच्या पत्र्यावर असा आदळला की बांधावरचे तिघं जण आडवे झाले. डुकरं तोंड फिरवून नाल्याकडे पळाली, नाला ओलांडून टेकडीकडे पळाली, आणि दिसेनाशी होईपर्यंत त्यातल्या एकानंही मागं पाहिलं नाही.

"घातली! गोळी घातली!" गाव गर्जलं.

धुळीत पडलेला बत्ता काकासाहेबांनी हळूच सदऱ्याखाली सरकवला. चहा आला. कुणीतरी नारळ आणला. "कितीची हाय, दादा?" एकानं विचारलं.

"एक्केचाळीस!" काकासाहेब म्हणाले.

"चव्वेचाळीस!" अफजल म्हणाला. दोघं एकदमच.

दुसरा चहा येण्याआधी मोटारसायकलवरून हवालदार कडुबा आले. "जिल्हा परिषदेची आचारसंहिता लागलीय. सगळ्यांची हत्यारं ठाण्यात जमा हायेत, आन इथं गोळी चालती? काकासाहेब, हत्यार आन लायसन घेऊन चला."

काकासाहेब ठाण्यात आले. त्यांच्यामागं दारात, खिडकीत गाव उभं होतं. हत्यार आहे म्हणावं तर लायसन नाही, म्हणजे कोठडी. नाही म्हणावं तर उद्या सोमवार, आणि साहेबरावाचा चुना भिजलेला. त्यांनी एकदा आजोबांचं स्मरण केलं, डब्यासकट. मग सदरा वर करून बत्ता टेबलावर ठेवला.

"हेच ते."

खिडकीतलं गाव पुढं झुकलं. "दादा," साहेबराव दारातून म्हणाला, "बत्ता?"

"आवाज याचाच?" कडुबांनी विचारलं.

"पत्र्याला हा एवढा पोचा पडलाय, साब," अफजल म्हणाला. "मोजून आलोय."

कडुबा सचोटीचा माणूस. त्यांनी बराच विचार केला. "तक्रार आलीय, वस्तू टेबलावर आलीय. आता नोंद केल्याबिगर भागत नाय. जमा करून घेतो. निवडणुकीचा निकाल लागला की घेऊन जावा." त्यांनी छापील कागद पुढं ओढला. "प्रकार... लोखंडी. बोअर?"

"त्याला बोअर कसला?" काकासाहेब म्हणाले.

"रकाना मोकळा सोडता येत नाय."

अफजलनं व्हर्निअर काढला. बत्त्याचं जाड टोक चिमटीत धरलं आणि त्याची छाती फुगली. "चव्वेचाळीस मिलिमीटर! काकासाब, मैं क्या बोला था?"

"दुसरं टोक मोज."

अफजलनं बत्ता फिरवला. पुन्हा मोजलं. चष्मा पुसून पुन्हा मोजलं. "...एक्केचाळीस."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कडुबांनी शाईनं, ठसठशीत अक्षरात दोन्ही आकडे लिहिले. चार महिने जो रकाना भरला नव्हता तो सरकारी माणसानं अर्ध्या मिनिटात भरला, आणि खाली शिक्का मारून पावती काकासाहेबांच्या हातात दिली. 'हत्यार: एक. बोअर: ४१/४४.'

साहेबराव आत आला. त्यानं पावती वाचली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. मग गावाकडे वळून म्हणाला, "आज्याला बिबट्यासाठी बंदूक लागली व्हती. आमच्या दादानं बिगरबंदुकीनं पाच डुकरं पळवली. पाटी ऱ्हाणार!"

टाळ्यांनी ठाण्याची खिडकी हलली. तेवढ्यात काकासाहेबांचा मोबाइल वाजला. भागूबाई. हा क्षण सगळ्यांनी ऐकावा म्हणून त्यांनी स्पीकर लावला, पावती छातीशी धरली आणि म्हणाले, "भागू, शिकाऱ्याच्या घराचं नाव राहिलं! माझं हत्यार आज सरकारनं जमा करून घेतलंय, निकाल लागेपर्यंत!"



"बरं झालं," भागूबाई म्हणाल्या. "आता हात मोकळे झाले, तर येताना बत्ता तेवढा आठवणीनं आणा. वांगी चिरून ठेवलीत, कूट नाय."