बाजीराव जगदाळे आणि अडून बसलेली हवा

आमच्या सोसायटीत जिन्यात भेटल्यावर "काय, बरं आहे ना?" असं न विचारणारे एकच गृहस्थ आहेत, बाजीराव जगदाळे. ते विचारतात, "सकाळी नळ खोकला का?"

पहिल्यांदा त्यांनी मला हे विचारलं तेव्हा मला वाटलं, आपली ऐकण्यात चूक झाली. मी म्हटलं, "नाही हो, मुलगी खोकतेय. औषध चालू आहे."

"कोरडा का ओला?"

"मुलीचा?"

"नळाचा ओ! नुसती हवा येते, का मधेमधे पाणी पण थुंकतो?"

करंजाड्यातल्या या इमारतीत आम्ही नवीनच राहायला आलो होतो. शेजारी कसे आहेत, याचा अंदाज घ्यायचे दिवस होते ते. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, "चौथ्या मजल्यावरचे काका जरा तसेच वाटतात." पुढे वर्षभरात मी सोसायटीची सेक्रेटरी झाले. (वार्षिक सभेला वीस मिनिटं उशिरा पोचले, तोवर माझी बिनविरोध निवड झाली होती.) सेक्रेटरी झाल्यामुळे पंपाच्या खोलीची किल्ली माझ्याकडे आली आणि किल्लीच्या मागोमाग जगदाळे आले.

बाजीराव हे नाव ऐकून डोळ्यांसमोर घोडा आणि भाला येतो. प्रत्यक्षात जगदाळे पाच फुटांचे, इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात लांब स्क्रू-ड्रायव्हर ठेवणारे, सातारा जिल्ह्यातून आलेले आणि तुर्भ्याच्या एका पंप कारखान्यातून रिटायर झालेले गृहस्थ. तिथे नवीन पंप चालवून तपासायचं काम त्यांच्याकडे होतं. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पंपाला लावायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग निदान. "बेअरिंग चाललं." "नट ढिला हाय." आमच्याकडे एका लग्नाला आले होते, तर अक्षता पडताना गायब. शोधलं तर हॉलच्या मागे पाण्याच्या मोटारीला कान लावून उभे. मला म्हणाले, "मुलगी चांगल्या घरात पडली. पण हॉलवाल्यांना सांगा, पंप हवा घेतोय."

हवा! जगदाळ्यांच्या आयुष्याचा सगळा झगडा या हवेशी. चेअरमन पाटकरसाहेब त्यांना पाठीमागे 'हवामान खातं' म्हणत. ते जगदाळ्यांना माहीत होतं, आणि मला तर वाटतं, आवडतही होतं.

भांडण काय होतं ते सांगते. आमची खालची टाकी उन्हाळ्यात जेमतेम गुडघाभर भरते. तेवढ्यातून पंप पाणी ओढायला लागला की टाकीत भोवरा होतो आणि पाण्याबरोबर हवा आत शिरते. थोडी शिरली तर पंप खडखडतो. जास्त शिरली की फिरत राहतो, पण पाणी चढवत नाही. तळाशी पाणी असतं आणि सातव्या मजल्यावर बादल्या कोरड्या. मग वॉचमननं पंप बंद करायचा, हवा सोडायची, पंपात पाणी भरायचं, पुन्हा चालू करायचा. दहा मिनिटांनी पुन्हा तेच.

असं का होतं, हे जगदाळ्यांनी मला पंपाच्या खोलीबाहेर उभं करून समजावलं होतं. "पंपात एक पंखा फिरतो. पाणी जड, ते फिरवलं की बाहेर पळतं. हवा हलकी, ती मधेच बसते. लग्नाच्या हॉलात काही पाहुणे दारातच गप्पा मारत उभे राहतात बघा. ना धड आत, ना बाहेर. मागच्यांना वाटच नाही. तशी ही हवा."

"मग त्या पाहुण्यांना बाहेर काढायचं."

"सगळे हेच सांगतात!" जगदाळे उसळले. "हवा काढा, हवा काढा! अहो, काढली तरी पुन्हा येणार. येणारच! तिला पाण्यासंगं वर न्यायची. अशा पंपावर बावीस वर्षं डोकं लावतोय मी."

त्यांच्या बायकोला, शालनकाकूंना, मी एकदा विचारलं, "काकू, घरीसुद्धा हेच चालतं का हो?" काकू भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "लग्नाच्या वक्ताला वाटलं, माणूस अबोल हाय. मग कळलं, इषय काढायचा असतो. त्यो बी एकच."

यंदा एप्रिलमध्ये प्रकरण पेटलं. सातव्या मजल्यावरच्यांनी सभेत रिकाम्या बादल्या आणून ठेवल्या. पाटकरसाहेब म्हणाले, जुना पंप भंगारात द्या, नवा आणा. जगदाळे उभे राहिले. "नवा पण हवा घेतल्यावर गप्पच बसंल, साहेब. आपला जादाचा पंप पडून हाय. तो मला एक महिना द्या."

बादल्यांकडे बघत सभेनं महिना दिला.

पहिल्या प्रयोगात त्यांनी पंपाच्या पंख्याला भोकं पाडली. हवा भोकांतून निसटेल असा हिशोब. हवा निसटली, पण तिच्यामागोमाग पाण्याचा जोरही निसटला. पाणी तिसऱ्या मजल्यापर्यंत चढलं आणि दमून थांबलं. गच्चीवरची टाकी कोरडीच राहिली, म्हणजे चौथ्या मजल्यावर खुद्द जगदाळ्यांच्याही घरी पाणी नाही. शालनकाकू हंडा घेऊन खाली आल्या आणि नवऱ्याकडे न बघता भरून घेऊन गेल्या.

दुसऱ्या प्रयोगाची हकिगत सोसायटीत अजून सांगितली जाते. आमच्या इमारतीत पंपाचं पाणी गच्चीवरच्या टाकीत जाता जाता वरच्या दोन मजल्यांच्या नळांनाही थेट मिळतं, बिल्डरची कृपा. जगदाळ्यांनी नवा पंखा बसवला, बाजूला फट जरा जास्त ठेवली आणि सकाळी आठला पंप चालू केला. त्याच वेळी सातव्या मजल्यावर पाटकरसाहेबांनी तोंडाला साबण लावून शॉवर सोडला. शॉवरनं आधी दीर्घ श्वास घेतला, मग असा काही शिंकला, की त्याची चाळणी सुटून साहेबांच्या टाळूवर आपटली. त्यामागून दुधासारखं पांढरंफेक पाणी. साहेब टॉवेल गुंडाळून, एक डोळा मिटून दाराशी आले आणि ओरडले, "जगदाळेऽ!"

जगदाळे सात मजले चढून आले. मीही मागे धावले.

"शॉवर फुटला माझा!"

"शिंकला का?" जगदाळ्यांनी धापा टाकत विचारलं.

"शिंकला म्हणजे? डोक्यात बसला!"

"अहो, मग हवा सातव्या मजल्यापर्यंत आली की!" असं म्हणून जगदाळ्यांनी साहेबांचा साबणाचा हात दोन्ही हातांत धरून जोरजोरात हलवला. "अभिनंदन, साहेब!"

पण हा आनंद टिकला नाही. खालच्या टाकीतलं पाणी आणखी उतरलं, हवा वाढली आणि पंप पुन्हा मुका झाला. त्यानंतर जगदाळे रोज पंपाच्या खोलीत जाऊन नुसते बसायचे. पाटकरसाहेबांनी नोटीस लावली: येत्या रविवारपर्यंत पंप चालला नाही, तर नव्याची ऑर्डर.

ती नोटीस लागल्याच्या दिवशी शालनकाकू माझ्याकडे आल्या. चहा नको म्हणाल्या.

"मॅडम, तुमी यांना तुर्भ्याला घिऊन जावा. सोसायटीचं काम म्हणून. माझ्या सांगण्यानं जायचे न्हाईत."

"कुणाकडे?"

तेव्हा मला सुखदेव गायकवाड हे नाव पहिल्यांदा कळलं. गायकवाड जालन्याकडचे, त्याच कारखान्यात लाकडी साचे करायचे. त्यांनी लाकडाचा पंखा घडवायचा, त्यावरून धातूचा ओतायचा आणि जगदाळ्यांनी तो चालवून बघायचा. दोघं वीस वर्षं एका बाकावर जेवले. हवा-पाण्याच्या पंपाचं वेड दोघांनाही एकदमच लागलेलं. सुटी झाल्यावर थांबून दोघं करत बसायचे. एक दिवस मालक बघायला आले. जगदाळे म्हणाले, "साहेब, हा पंप मी केलाय." गायकवाड मागेच उभे होते.

"दुसऱ्या दिवशी गायकवाड भावजींनी डबा उचलला आन् दुसऱ्या बाकावर जाऊन बसले," काकू म्हणाल्या. "अकरा वर्सं झाली. आन् मालकापुढं पंप चाललाच न्हाय, त्ये येगळंच."

मी जगदाळ्यांना सांगितलं, साचा करणारा कुणी असेल तर सोसायटीच्या वतीनं भेटू या. ते स्क्रू-ड्रायव्हरशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "एक हाय. पण तो घरी असंल-नसंल." दुसऱ्या दिवशी ते माझ्याआधी रिक्षात येऊन बसले होते. अंगात नवा शर्ट.

तुर्भ्याला ट्रकांच्या रांगेमागे एक पत्र्याची शेड होती. आत लाकडाच्या भुश्शाचा वास. एक उंच, वाकलेले गृहस्थ रंधा मारत होते. त्यांनी वर बघितलं. रंधा थांबला.

मी नमस्कार केला, सोसायटीचं नाव सांगितलं, पाण्याची अडचण सांगितली. दोघांपैकी कुणी माझं ऐकत होतं असं वाटत नाही. जगदाळ्यांनी पिशवीतून पंखा काढून बाकावर ठेवला. गायकवाडांनी तो उचलला आणि पात्यांवरून अंगठा फिरवला.

"भोकं पाडली व्हय?"

"पाडली."

"जोर गेला असंल."

"तिसऱ्या मजल्याला थांबलं पाणी."

"थांबणारच." गायकवाडांनी पंखा खाली ठेवला. "पात्याला चीर पायजे. दाबाचं पाणी चिरंतून पलीकडं घुसतंय, हवेचा गोळा फोडतंय. फुटली की बुडबुडे होऊन जाती पाण्यासंगं."

"तू तेव्हा पण हेच म्हणायचास."

"तवा तू ऐकत नव्हतास."

जगदाळे बाकाच्या कडेवरचा भुस्सा बोटानं गोळा करत होते.

"गायकवाड, मालकाला मी तसं म्हणायला नको होतं."

गायकवाडांनी खाली वाकून बाकाखालून एक लाकडी पंखा काढला. त्याच्या प्रत्येक पात्याला तिरकी, बारीक चीर होती. लाकूड नवं होतं.

"हा तिसरा," ते म्हणाले. "आधीचे दोन चुकले. कुठं घालावी चीर, ते चालवून बगितल्याबिगर कळत न्हाई. आन् चालवून बगायला माणूस कुठाय माझ्याकडं?"

जगदाळ्यांनी तो पंखा दोन्ही हातांनी घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि खिडकीच्या उजेडात जाऊन एकेक चीर निरखली. मग म्हणाले, "चीर जरा आत घ्यायला पायजे. मध्याच्या जवळ."

"किती?"

"पेन्सिल आण."

मी बाहेर जाऊन चहा सांगितला. परत आले तर दोघं भांडत होते. अर्ध्या सेंटीमीटरवरून! एकमेकांना गाढव म्हणत होते. मी चहा ठेवला आणि एकटीच घरी आले.

रविवारी सकाळी पंपाच्या खोलीबाहेर निम्मी सोसायटी जमली होती. ओतून आणलेला नवा पंखा दोघांनी बसवला. खालच्या टाकीत पाणी मुद्दाम कमी ठेवलेलं. वॉचमननं बटण दाबलं. पंप घरघरला, टाकीत भोवरा झाला, हवा आत शिरल्याचा तो ओळखीचा खडखडाट सुरू झाला. आता बंद पडणार म्हणून पाटकरसाहेबांनी मानसुद्धा हलवली. खडखडाट वाढला, पण पंप थांबला नाही. गच्चीवरून सातव्या मजल्याच्या वहिनी ओरडल्या, "येतंयऽ! जोर कमी आहे, पण येतंय! फेसाळ येतंय!"

टाळ्या पडल्या. पाटकरसाहेबांनी हात पुढे केला. "जगदाळे, मानलं तुम्हाला."

"मी एकट्यानं नाही केलं," जगदाळे म्हणाले आणि गायकवाडांच्या दंडाला धरून त्यांना पुढे ओढलं. गायकवाड संकोचून टोपी नीट करत राहिले. साहेबांनी त्यांचाही हात हातात घेतला आणि वर, "फक्त माझा शॉवर सांभाळा," एवढं सांगून घेतलं.

लोक पांगले. शालनकाकूंनी वरून हाक मारली, जेवण तयार आहे, भावजींनाही घेऊन या. गायकवाड हात धुवायला बागेतल्या नळाकडे गेले. मी खोलीला कुलूप लावत होते, तेवढ्यात जगदाळे जवळ आले.

"मॅडम, सभेच्या वहीत एक लिहायचं होतं. पंपाची तपासणी लागंल. महिन्यातून एकदा. दोन माणसं लागतील. म्हणजे, गायकवाड यायला पायजेत."

"एवढी तपासणी लागते पंपाला?"

त्यांनी नळाकडे बघितलं. गायकवाड पाठमोरे, बाह्या सावरून हात धूत होते.

"पंपाला नाय लागत," जगदाळे हळू आवाजात म्हणाले. "पण तो तसा, नुसताच, यायचा नाही. काम हाय म्हटलं की येईल."

मी वही तिथेच गुडघ्यावर धरली आणि लिहिलं: पंपाची तपासणी, महिन्यातून एकदा, श्री. जगदाळे व श्री. गायकवाड. जगदाळे खांद्यावरून वाचत होते. वाचून झालं तरी हलेनात.

"काय झालं?"

"काही नाही. पंधरा दिवसांनी ठेवली तर... जास्त होईल का?"

मी 'महिन्यातून एकदा' खोडलं आणि वर लिहिलं, 'दर रविवारी'.