बोकडाचा धूर

स्योम्बुआला मिळायचं होतं ते एवढं: गावासाठी दहा हजार लिटरची टाकी, आणि नदीच्या कोरड्या पात्रात खड्डे उकरून पाणी भरण्यात रोज जाणारे स्वतःचे चार तास. केनियातल्या कितुईकडच्या त्या गावातल्या चाळीस घरांनी वर्षभर तीन दगडांची चूल बंद ठेवून योजनेतल्या लहान शेगडीवर स्वयंपाक केला होता. लाकूड वाचलं, तेवढा धूर हवेत गेला नाही. आणि न गेलेल्या धुराचे पैसे परदेशातलं कुणीतरी देणार होतं. हिशेब नव्वद हजार तीस शिलिंगांचा झाला. टाकी नव्वद हजारांची. वरच्या तीसचा साबण घ्यायचं महिला मंडळाची अध्यक्ष म्हणून स्योम्बुआने मनात ठरवूनही टाकलं होतं.

राहिली होती फक्त तपासणी. त्यासाठी नैरोबीहून मुसेम्बीसाहेब येणार म्हटल्यावर तिच्या सासऱ्यांनी, म्हाताऱ्या किमेऊंनी, बोकड सोडून आणला.

"मामंजी, लाकूड जळतं का हेच बघायला येतायत ते."

"मग सांग त्यांना, हे त्यांच्यासाठीच जळलं. पाहुणा चहावर परत गेला तर बाजारात तोंड कुठं दाखवू मी?"

तिलाही ते पटत होतं. पण बोकडाची तंगडीच शेगडीपेक्षा लांब. शेवटी टेकडीमागे, नदीच्या पात्रात जाळ करायचं ठरलं. धूर दिसू नये म्हणून किमेऊंनी जाळावर ओली पोती टाकली, आणि धूर दुप्पट झाला.

साहेब अंगणात शेगड्या मोजत होते. जीपचा ड्रायव्हर थंड हवेसाठी इंजिन चालू ठेवून आत झोपला होता. टेकडीवर धुराचा खांब उभा राहिला.

"ते काय?" साहेबांनी विचारलं.

"पलीकडच्या गावाचं असेल," स्योम्बुआ म्हणाली.

"बरं झालं सांगितलंत. उद्या तिकडंच जायचंय. त्यांचे पैसे कापावे लागतील."

पलीकडचं गाव स्योम्बुआचं माहेर. तिथं तिची आई रोज पाण्याला जात होती.

"साहेब," ती खाली बघत म्हणाली, "तो धूर आमचा आहे. म्हणजे तुमचाच. जेवायला चला."

साहेब जेवले. गेल्या आठ गावांनी त्यांना धास्तीपोटी नुसता चहा-पाव दिला होता. त्यांनी तीनदा मागून घेतलं. मग हात धुऊन हिशेबाला बसले. बोकडाच्या जाळाचे साठ शिलिंग वजा. त्याखाली आणखी एक रकाना होता: तपासणीसाठी झालेला धूर. नैरोबीपासून जाऊन-येऊन जीप, अधिक तीन तास चालू इंजिन, एकशे साठ वजा.

"म्हणजे आम्हाला तपासायला तुम्ही आलात, त्याचा धूर पण आमच्याच नावावर?" स्योम्बुआने विचारलं.

साहेबांनी रकाना पुन्हा वाचला. तसंच लिहिलं होतं. उरले एकोणनव्वद हजार आठशे दहा. टाकीला एकशे नव्वद कमी. साहेबांनी कागद बाजूला ठेवला. मग उठून आधी जीपचं इंजिन बंद करून आले आणि खिशातून दोनशेची नोट काढून ताटाखाली सरकवली.

स्योम्बुआने दहा शिलिंग परत दिले. टाकी पुढच्या महिन्यात आली. साबण राहूनच गेला. बोकड आठ हजारांचा होता. त्याला कागदात रकाना नव्हता.